दोन्ही टोकांना कुंकू

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी भिवाजी जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून उभा होता आणि बॅटरीच्या दोन टोकांकडे आळीपाळीनं बघत होता. दोन्ही टोकं लाल होती.

लाल म्हणजे प्लस, काळं म्हणजे मायनस, एवढं त्याला तीस वर्षं गाडी चालवून माहीत झालेलं. पण ते ऐकून माहीत होतं. बॅटरीला हात लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. गाडी रुसली की तो ती घोटावड्याला बॅटरीच्या दुकानात घेऊन जायचा, शेजारी चहा प्यायचा, आणि चहा संपेपर्यंत काम झालेलं असायचं. आता लाल टोकं दोन होती आणि काळ्या वायरी दोन होत्या. मागच्या पावसाळ्यात एका मेकॅनिकनं जुनी लाल वायर कुजली म्हणून बदलली होती आणि त्याच्याकडे त्या दिवशी काळीच शिल्लक होती.

कुंकू रंभाबाईचं होतं. भिवाजीची बायको दर दसऱ्याला गाडीची पूजा करते: स्टिअरिंगला, चारी चाकांना, बॉनेटला आणि बॉनेट उघडून बॅटरीलाही. तेलात कालवलेलं कुंकू, एका टोकाला लावलं तर दुसऱ्यालाही लावायचं, एकाला वगळायचं नाही. आठ दसऱ्यांचे थर तिथं एकावर एक बसले होते. त्यात बॅटरीची पांढरी बुरशीही मिसळली होती. प्लस-मायनसच्या खुणा त्याखाली कुठंतरी होत्या.

भिवाजी रिहे गावचा. वय बावन्न. घरची भातशेती आहे ती भाऊ बघतो. हा जीप चालवतो. रोज पहाटे तो डोंगराच्या कडेच्या वाडीवरून अकरा बायका घेऊन हिंजवडीला जातो. तिथल्या एका आयटी इमारतीत त्या झाडलोट, फरशी, काचा करतात, आणि संध्याकाळी तो त्यांना परत आणतो. बायकांची म्होरकी फुलाबाई. सोमवारी जीप वेळेवर निघाली नाही आणि सगळ्या वीस मिनिटं उशिरा पोचल्या. तेव्हा सुपरवायझर फुलाबाईला म्हणाला होता, "पुन्हा एकदा असं झालं तर नेरे गावाकडून दुसरी गाडी येईल, आणि त्या गाडीत दुसऱ्या बायका असतील." भिवाजीच्या समोरच म्हणाला होता. आज एक मे, इमारत बंद. उद्या पहाटे जीप निघाली पाहिजे, एवढाच प्रश्न होता.

जीप का निघत नव्हती तेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. रविवारी खडीच्या डंपरनं वळणावरचा विजेचा खांब पाडला होता. वायरमन आला, खांबाकडे बघितलं, नवा खांब येणार म्हणाला आणि गेला. रविवारी संध्याकाळी शेजारच्या पोरीनं मोबाइल आणला. "काका, जीपला लावा ना, दहा टक्केच हाय." भिवाजीनं लावला. मग दुसरा आला. मग कुणीतरी सिगारेट-लायटरच्या भोकातून बोर्ड काढून दिला, आणि डॅशबोर्डावर मोबाइल वाळत घातल्यासारखे ओळीनं लागले. एकाचं बाळ उकाड्यानं रडत होतं म्हणून छोटा पंखाही लागला. भिवाजीला नाही म्हणता येत नाही. सोमवारी पहाटे जीप बायकांनी ढकलून चालू केली, आणि सोमवारी रात्री मोबाइल पुन्हा आले. आज सकाळी किल्ली फिरवली तर नुसता 'कट' असा आवाज आला, दुसऱ्यांदा तेवढाही नाही. उतारावरून ढकलली, तरी धरली नाही. घरंगळत खाली आली आणि शंभूच्या गोदामासमोर, सपाटीवर थांबली. तेवढं एक बरं झालं, कारण जनरेटर शंभूकडेच होता.

शंभू मांडववाला. लग्नाचे मांडव, खुर्च्या, पातेली, आणि चाकांवरचा पेट्रोलचा एक जनरेटर. तो गोदामातून ओरडला, "भिवा, बाहेर कशाला? हितंच आत चालू करतो. वायर शटरखालनं काढ."

"आत?"

"मग काय झालं? दर लग्नात मांडवामागं ताडपत्री टाकून चालवतो. मंगलाष्टकाच्या वेळी आवाज नको लोकांना. आत ठेवला की आवाज न्हाई, चोरी न्हाई."

भिवाजीला ते बरोबर वाटलं. मग ताडपत्रीच्या बाजूला बसणारा शंभूचा माणूस दर लग्नात डोकं दुखतं म्हणून जेवत नाही, हे आठवलं, आणि ते बरोबर आहे की नाही हे कळेनासं झालं.

"वायर ही बघ," शंभू बाहेर येत म्हणाला. त्याच्या हातात जाड, लांब दुहेरी वायर होती. एका टोकाला जनरेटरच्या बारक्या भोकात बसणारी पिन, दुसऱ्या टोकाला दोन चिमटे, एक लाल आणि एक काळा. "ह्यो बॅटरीचा. जनरेटरला बारा व्होल्टचं वेगळं भोक हाय. मोठं भोक लाइटीचं, त्यात न्हाई घालायचं. मशीनवरच लिवलंय."

"आधी कधी लावलंयस?"

"मला कुटं बॅटरी हाय? घेतला तवा पेटीत आला व्हता." शंभूनं लाल चिमटा त्याच्यापुढे धरला. "लालला लाव."

"दोन्ही लालच हायेत."

शंभूनं वाकून बघितलं आणि हसला. "वहिनींनी दोघांनाबी सवाष्ण केलंय रं."

तेवढ्यात वहिनी आल्याच. रंभाबाईच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हातात पेटलेल्या उदबत्त्यांचा जुडगा. परकं यंत्र आपल्या गाडीला जोडायचं तर आधी ओवाळायला हवं, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. तिनं जनरेटरला ओवाळलं, बॉनेटला ओवाळलं आणि उदबत्त्या जीपच्या पुढच्या जाळीत, बॅटरीपासून वीतभर अंतरावर खोचल्या. मग कुंकवाची वाटी काढली.

"थांब," भिवाजी म्हणाला.

"का?"

भिवाजीला का ते सांगता येईना. लाल रंग आता आणखी नको, एवढंच त्याला वाटत होतं.

"यंत्राचं काम आन् कुंकू न्हाई लावायचं व्हय?" रंभाबाई म्हणाली. "आठ वर्सं लावतेय. एकदा तरी बंद पडली का गाडी?"

"आज पडलीया."

"ती तुमच्या भिडंनं पडलीया. अख्ख्या आळीचे मोबाइल लावा म्हनलं का मी?"

वाडीकडच्या पायवाटेवरून फुलाबाई उतरली. डोक्यावर पदर, हातात मोबाइल. ती कोणालाच नमस्कार-चमत्कार न करता सरळ जीपपाशी आली.

"भिवादादा, उद्या काय?"

"बघतोय."

"बघतोय म्हनजी निघती का न्हाई निघत? माझ्याकडं दहा बाया इचारत्यात. कान्हूची सून म्हनती, नसलं निघत तर आमी पहाटं चारला चालत निघतो. तान्हं लेकरू हाय तिला."

भिवाजीनं बॅटरीकडे बघितलं. "दुकानात इचारलं पायजे. फोन लावला असता, पन माझा मोबाइल बंद हाय."

"बंद कसा?"

"चार्जिंग न्हाई."

फुलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. सगळ्यांचे मोबाइल याच्या जीपवर भरले होते, तिचा स्वतःचासुद्धा. आणि याचाच रिकामा. ती हसली नाही. तिनं आपला मोबाइल पुढे केला. "हा घ्या. शंभर टक्के हाय. तुमचाच हाय म्हना."

घोटावड्याचं बॅटरीचं दुकान आशालता चालवते. नवरा होता तेव्हा ती काउंटरला बसायची. आता बॅटऱ्याही तीच बघते. भिवाजीला दुकानाचा नंबर पाठ होता. तिनं फोन उचलला तेव्हा मागे हळदीचा बँड वाजत होता. "नेऱ्यात हाय मी भाचीच्या हळदीला. बोला दादा, मोठ्यानं बोला."

भिवाजीनं मोठ्यानं सांगितलं. गोदामासमोरून जाणारे दोघं थांबून ऐकू लागले.

"जनरेटर कुटं हाय?" आशालतानं पहिलं हेच विचारलं.

"शंभूच्या गोदामात."

"बाहेर काढा. आत्ता. उघड्यावर ठेवा, खिडकी-दारापासून लांब, धूर तुमच्याकडं येणार न्हाई असा. त्या धुराचा वास कळंपर्यंत मानूस आडवा होतो. काढला का?"

भिवाजीनं हात हलवला. शंभू कुरकुरला, "चोरीला गेला तर तू भरून देशील?" पण त्यानं जनरेटर बाहेर ओढला आणि रस्त्यापलीकडे, बांधावर सपाट जागा बघून ठेवला.

"आता बॅटरी. जवळपास बिडी, काडी, काय पेटलेलं हाय का?"

भिवाजीनं जाळीतल्या उदबत्त्यांकडे बघितलं. "उदबत्ती हाय."

"उदबत्ती? बॅटरीजवळ? काढा ती! चार्ज होताना तिच्यातनं गॅस येतो, ठिणगी लागली तर बॅटरी तोंडावर फुटंल."

रंभाबाईनं ऐकलं होतं. तिनं जुडगा उपसला आणि तो रस्त्याच्या कडेच्या मातीत उलटा खुपसून विझवला. देवाची उदबत्ती मातीत विझवायची वेळ आली याचा राग तिनं भिवाजीकडे बघून व्यक्त केला.

"प्लस कोणतं, ताई? दोन्हीवर कुंकू हाय."

"जाड टोक प्लस. बारीक मायनस. न्हाई कळलं तर वायर धरून जा. जी वायर गाडीच्या लोखंडाला बोल्टनं आवळलीया ती मायनस. आधी गाडीची मायनस वायर सोडवा, मग चिमटे लावा. लाल आधी, काळा नंतर. मग मशीन चालू. बंद करताना आधी मशीन..." आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर रेंज नव्हती.

भिवाजी, शंभू, रंभाबाई आणि फुलाबाई चौघंही बॉनेटखाली वाकले.

"ह्ये जाड हाय," शंभू डाव्या टोकावर बोट ठेवून म्हणाला.

खरोखरच डावं टोक जाड दिसत होतं. भिवाजीनं लाल चिमटा उघडला आणि डाव्या टोकाकडे नेला. मग थांबला. डाव्या टोकाची वायर हातानं चाचपत खाली गेला. वायर बॅटरीच्या तळाला वळून गाडीच्या सांगाड्याला एका गंजलेल्या बोल्टनं आवळलेली होती. उजवीकडची वायर दूर आत, इंजिनाकडे गेली होती.

"ही लोखंडाला गेलीया," तो म्हणाला. "म्हनजी ही मायनस."

"पन जाड हाय की."

"जाड हाय. पन लोखंडाला गेलीया."

"मग बाईनं चुकीचं सांगितलं?"

"दोनापैकी एक तर चुकीचं असंलच."

"का एखाद्या गाडीत उलटं बी असंल?" रंभाबाई म्हणाली. आता तीही गोंधळली होती, आणि गोंधळली की ती नवीन शक्यता सुचवते.

लाल चिमटा भिवाजीच्या हातात उघडाच होता. चिमटा सोडला की तो कुठंतरी बसणार, आणि चुकीच्या ठिकाणी बसला तर काय होईल हे त्याला नक्की माहीत नव्हतं. पण काहीतरी होईल, आणि उद्या पहाटे वाडीवर अकरा बायका उभ्या असतील, हे माहीत होतं. शंभू म्हणत होता, लाव रे, काय होत नाही. फुलाबाई त्याच्या हाताकडे बघत होती. भिवाजीला वाटलं, तीस वर्षं आपण ज्या यंत्रावर बसलो त्याचं पोट आपण आज पहिल्यांदा बघतोय.

त्यानं चिमटा बाजूला ठेवला.

"खरडायला काठी हाय का? लाकडाची? लोखंड नको."

शंभूनं मांडवाच्या खुंटीचं लाकूड आणून दिलं. भिवाजीनं लोखंडाला गेलेली वायर आधी सोडवली. मायनस असेल तर बरं झालं, प्लस असेल तर काय ते देवाला ठाऊक, असं पुटपुटत. मग डाव्या टोकावरचं कुंकू खरवडायला लागला. ते खपलीसारखं निघालं. दसरे एकामागून एक सुटत गेले. आतलं टोक निघालं ते बारीक होतं, आणि त्याच्या कडेला शिसात उमटलेली आडवी रेघ होती. मायनस. मग उजवं टोक खरवडलं. त्यावर थर पातळ होता, खाली टोक जाड होतं, आणि त्याच्या कडेला अधिकची खूण होती.

"ह्यो डावीकडं इतका थर कसा काय?" शंभूनं विचारलं.

रंभाबाई दसऱ्याला गाडीच्या डाव्या अंगाला उभी राहून पूजा करते, कारण उजव्या अंगाला गोठ्याची भिंत आहे. हात जवळच्या टोकापर्यंत नीट पोचतो, लांबच्या टोकाला नुसतं बोट लागतं. तिनं हे सांगितलं तेव्हा तिला स्वतःलाच नवल वाटलं. "जवळच्याला जास्त लागलं," ती म्हणाली. "मला वाटलं, दोघांना सारखंच लावतेय."

बुचं उघडली तर आत पाणी कमी होतं. रंभाबाई हंड्यातलं पाणी घ्यायला निघाली. भिवाजीनं तिला थांबवलं, कारण सीटखाली बॅटरीच्या पाण्याची एक सीलबंद बाटली पाच वर्षांपासून लोळत होती. दुकानात दिली होती, घेऊन ठेवली होती. ती कशासाठी हे विचारायचं राहून गेलं होतं. आतल्या पट्ट्या बुडतील एवढंच पाणी त्यानं घातलं. बरोबर एवढंच घालायचं असतं का, हे त्याला आजही माहीत नाही.

मग लाल चिमटा जाड टोकाला. काळा बारीक टोकाला. पिन बारा व्होल्टच्या भोकात. शंभूनं दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मशीन धडधडली.

आवाज ऐकून दहा मिनिटांत आळी आली. प्रत्येकाच्या हातात चार्जर. एकीनं मिक्सर आणला होता, चटणी वाटायची म्हणून. शेजारच्या पोरीचा मोबाइल पुन्हा चार टक्क्यांवर आला होता. "काका, मोठं भोक मोकळंच हाय ना? त्याच्यात लावते."

भिवाजीनं शंभूकडे बघितलं. शंभूनं खांदे उडवले. "दोन्ही भोकं एकदम चालत असतील. नसतीलबी. पेटीतलं पुस्तक उंदरानं खाल्लं."

"काका, नुसतं दहा मिनटं."

भिवाजीनं तोंड उघडलं. तोंडात 'लाव' हा शब्द आलाही असेल. पण त्याआधी फुलाबाई जनरेटरकडे गेली आणि त्याच्यापासून पाचेक पावलांवर, धुराच्या उलट्या बाजूला, बांधावर मांडी घालून बसली.

"कोन लावतंय बघू," ती म्हणाली. "चटनी पाट्यावर वाटा. उद्या आमी घरी बसलो तर तुमचा मोबाइल आमाला भाकरी घालनार हाय का?"

"तुला कोन बोललं गं?" मिक्सरवाली म्हणाली.

"मला कोन बोलायला नको. गाडीत मी बसते."

आळी थोडा वेळ थांबली, थोडी बडबडली आणि पांगली. भिवाजी तोपर्यंत बॅटरीकडे बघत राहिला, जणू तिथं बघण्यासारखं काही होतं.

किती वेळ चालवायचं, हाच आता प्रश्न होता. शंभू म्हणाला, पेट्रोल संपेपर्यंत. रंभाबाई म्हणाली, दिवेलागणीपर्यंत. दिवे नव्हतेच. आशालतानं ते सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पण तोवर फोन तुटला होता. साडेपाचला तिनं स्वतःहून फुलाबाईच्या नंबरवर फोन केला, यावेळी बँडशिवाय.

"दादा, त्या मशीनला स्वतःहून थांबायची अक्कल न्हाई. तासातासाला बघा. बॅटरीला हात लावून गरम लागली, आतलं पानी तांदळासारखं उकळाय लागलं, की बंद. आन् ऐका, चिमटे लागलेले असताना किल्ली फिरवायची न्हाई. मशीन चालू असताना तर अजिबात न्हाई. आधी मशीन बंद, मग काळा काढायचा, मग लाल."

"शंभू म्हनतो, मशीन चालू असताना किल्ली मारली तर जोर मिळंल."

"शंभूला सांगा, जोर त्याच्या मांडवात दाखव."

फोन स्पीकरवर होता. शंभूनं ऐकलं आणि पेट्रोलचं टोपण उगाच घट्ट केलं.

साडेसातच्या सुमारास बॅटरीची एक बाजू कोमट लागली. कोमट म्हणजे गरम का, यावर शंभू आणि रंभाबाई यांचं एकमत झालं नाही. भिवाजीनं पुन्हा हात लावला, मग रंभाबाईचा हात लावून घेतला, मग फुलाबाईचा. तिघांची तीन मतं पडल्यावर त्यानं मशीन बंद केली. काळा चिमटा काढला. लाल काढला. बुचं लावली. गाडीची मायनस वायर टोकाला आवळली. हे सगळं करताना तो प्रत्येक वेळी थांबून पुढचं काय ते स्वतःशी म्हणत होता, आणि एकदा त्यानं लाल काढल्यावर काळा काढलाय ना म्हणून परत बघितलं.

मग सीटवर बसून किल्ली फिरवली. जीप चालू झाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रंभाबाईनं पदरानं तोंड पुसलं. फुलाबाई बांधावरून उठली. भिवाजी मात्र स्टिअरिंग धरून बसला, कारण आता बंद करायची की नाही हा प्रश्न होता. बंद केली आणि पुन्हा चालू नाही झाली तर? चालूच ठेवली तर डिझेल पहाटेपर्यंत पुरणार नाही. शंभू म्हणाला, बंद कर. रंभाबाई म्हणाली, थोडी पळवून आण. त्यानं जीप वर चढवून आणली, घरासमोर तोंड उताराकडे करून उभी केली आणि काही वेळ नुसता इंजिनाचा आवाज ऐकत बसला. बॅटरी भरलीय की अर्धीच, हे आवाजावरून कळतं का, याचा तो विचार करत होता. कळत नव्हतं.

शेवटी त्यानं ती बंद केली. त्यानं किल्ली परत फिरवली. चालू झाली. परत बंद केली.

"अजून एकदा बघा," रंभाबाई म्हणाली.

"नको," भिवाजी म्हणाला. "जेवढं हाय तेवढं सकाळला ऱ्हाऊ दे." त्यानं लायटरच्या भोकातला बोर्ड उपटून काढला आणि रंभाबाईच्या हातात दिला.

फुलाबाईनं मोबाइल कनवटीला खोचला. त्र्याऐंशी टक्के उरले होते. वाडीची पायवाट धरण्याआधी ती वळली.

"मग बायांना काय सांगू? किती वाजता?"

"रोजच्याच."

रोज जीप वाडीच्या फाट्यावरून पहाटे पाच वाजून पस्तीस मिनिटांनी सुटते.